दाखला फाइलला लागला, पुढे काय?

जिल्हास्तरीय शालेय कबड्डी स्पर्धेचा पहिला दिवस. मैदानावर एका वेळी चौदा मुलं खेळतात, पण आवारात तीन-चारशे असतात. त्यांच्या अवतीभवती वावरणारी मोठी माणसं एकदा मोजून पाहा. पंच, गुणलेखक, वेळाधिकारी, संघांचे व्यवस्थापक आणि मार्गदर्शक, मंडपवाला आणि त्याची माणसं, आचारी, वाढपी, गाड्यांचे ड्रायव्हर, फोटोग्राफर, माइकवर बोलणारे, वॉचमन, शिवाय ‘पाय दाबून देतो, मोकळं वाटेल’ म्हणत फिरणारा कुणाच्या तरी ओळखीतला एक गृहस्थ. यांतल्या किती जणांची पोलीस पडताळणी झालेली असते? शाळेच्या पगारपत्रकावर जे असतील त्यांची, आणि तीही झाली असली तर. बाकीचे सगळे ‘आपलेच’ असतात.

या ‘आपलेच’चं काय करायचं, हा स्पर्धा भरवणाऱ्यांपुढचा खरा प्रश्न.

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्यात बालक म्हणजे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगी असो की मुलगा. या कायद्याचे २०२० चे नियम आहेत आणि त्यांतला तिसरा नियम क्रीडाक्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्था सांगताना त्यात शाळा आणि पाळणाघरांच्या बरोबरीने क्रीडा अकादमींचं नाव थेट घेतलेलं आहे. अशा संस्थेने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठरावीक काळाने करायची असते. मग तो शिकवणारा असो की झाडू मारणारा, कायम असो की कंत्राटी. त्यांना मुलांच्या सुरक्षेचं प्रशिक्षणही वेळोवेळी द्यायचं असतं.

या एका नियमात तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींकडे दुर्लक्ष होतं. एक, ‘ठरावीक काळाने’. नोकरीला लागताना २०११ मध्ये दिलेला पोलीस पडताळणीचा दाखला आज कामाचा नाही. किती वर्षांनी पुन्हा करायची हे नियमात लिहिलेलं नाही. आमच्या मते तीन वर्षांच्या पुढे जाऊ देऊ नये. दोन, ‘कंत्राटी’. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण घडलं, त्यातला आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता आणि तो कामाला लागून महिनासुद्धा झालेला नव्हता. तीन, पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ही नियमाने वेगवेगळी लिहिलेली दोन कामं आहेत. पहिलं झालं की दुसरं आपोआप झालं असं आपल्याकडे धरलं जातं, आणि घोळ होतो तो इथेच.

शब्दाला शब्द लावला तर नियम ‘कर्मचारी’ म्हणतो. दोन दिवसांपुरता आलेला पंच किंवा माजी विद्यार्थी म्हणून मदतीला आलेला स्वयंसेवक त्यात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतील. संयोजकाने घालू नये. ज्याच्या गळ्यात तुमच्या स्पर्धेचं ओळखपत्र आहे, त्याची जबाबदारी तुमची.

दाखल्यात काय असतं आणि काय नसतं

चारित्र्य पडताळणीचा अर्ज ज्याचा त्यानेच ऑनलाइन करायचा असतो. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि काम देणाऱ्या संस्थेचं पत्र लागतं. अर्ज राहत्या पत्त्याच्या पोलीस ठाण्याकडे जातो, तिथे अभिलेख पाहिला जातो आणि या व्यक्तीविरुद्ध काही नोंद आहे की नाही एवढंच कळवलं जातं.

आता एक मार्गदर्शक डोळ्यांसमोर धरा. आठ वर्षं कोल्हापुरात, मग दीड वर्ष सोलापुरात, आणि गेले सहा महिने नाशकात. नाशिकचा पत्ता टाकून त्याने दाखला आणला आणि तो स्वच्छ आहे. असणारच, सहा महिन्यांत काय नोंद होणार? म्हणून दाखला हातात आला की आधी पत्ता पाहा, मग तारीख, मग आधार कार्डावरच्या नावाशी नाव ताडा. वडिलांचं नाव गाळणं किंवा आडनावाचं स्पेलिंग बदलणं ही चूकही असू शकते आणि हुशारीही. गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते अर्जात लिहून घ्या. मूळ प्रत पाहा, झेरॉक्सवर भागवू नका.

पत्ते सगळे बरोबर असले तरी दाखल्याला एक मोठी मर्यादा उरतेच. ज्याची तक्रारच झाली नाही त्याची नोंद नसते. मुलांच्या बाबतीतल्या बहुतेक गोष्टी दडपल्या जातात, त्यामुळे स्वच्छ दाखल्याचा अर्थ ‘आजवर पोलिसांत काही आलेलं नाही’ एवढाच घ्यायचा. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची २०१८ पासून आहे, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना पाहता येते; शाळेला किंवा क्रीडा मंडळाला नाही. इंग्लंडमध्ये मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची तपासणी होते तेव्हा ‘मुलांसोबत काम करण्यास मनाई’ असलेल्यांची यादीही पाहिली जाते. काम देणाऱ्याला विचारता येईल अशी यादी आपल्याकडे नाही. म्हणून ते काम फोनवर करावं लागतं.

तो एक फोन

आपल्या क्रीडाक्षेत्रात एक वाईट पद्धत आहे. मार्गदर्शकाबद्दल कुजबुज सुरू झाली की पदाधिकारी त्याला बोलावतात, ‘मंडळाचं नाव खराब नको’ म्हणत राजीनामा घेतात आणि अनुभवाचं प्रमाणपत्र देऊन निरोप देतात. तीन महिन्यांनी तो शेजारच्या तालुक्यात शिट्टी घेऊन उभा असतो. पोलीस ठाण्यात कागद नाही, म्हणून दाखलाही स्वच्छ.

ही साखळी तुटते ती आधीच्या जागी केलेल्या चौकशीने. उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर फोन करू नका, तिथे त्याचा मित्रही ‘मुख्याध्यापक’ होऊ शकतो. शाळेचा किंवा मंडळाचा नंबर स्वतः शोधा आणि तीन प्रश्न विचारा. यांनी काम का सोडलं? मुलांशी वागण्याबद्दल लेखी किंवा तोंडी, कसलीही तक्रार होती का? आणि उद्या हे परत आले तर तुम्ही यांना घ्याल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस किती वेळ थांबतो ते ऐका. ‘तसे चांगले आहेत’ या उत्तरातला ‘तसे’ ऐकू आला की दुसऱ्या पदाधिकाऱ्यालाही फोन करा. संभाषणाची तारीख, वेळ आणि कोण काय म्हणालं हे चार ओळींत लिहून फाइलला लावा.

त्याच फाइलमध्ये एक स्वयंघोषणापत्र हवं. ‘मला शिक्षा झालेली नाही’ एवढंच लिहून घेऊ नका. गुन्हा नोंद आहे का, खटला चालू आहे का, कधी निलंबन झालं का, मुलांच्या संदर्भात एखाद्या संस्थेने काम थांबवायला सांगितलं होतं का, हे वेगवेगळं विचारा. चांगला माणूस दोन मिनिटांत सही करतो. पुढे यातलं काही खोटं निघालं तर त्याला त्याच दिवशी बाजूला करायला तुमच्या हातात कागद असतो.

वेळेची अडचण खरी आहे. स्पर्धेची तारीख अनेकदा दहा-बारा दिवस आधी कळते आणि तेवढ्यात पडताळणी होऊन येईलच असं नाही. म्हणून नेहमीच्या माणसांचं काम जूनमध्येच, शाळा उघडताना उरकून घ्यावं. ऐनवेळी आलेल्यांना ओळखपत्र वेगळ्या रंगाचं द्या. पडताळणी झालेल्यांना हिरवं, ते निवासाच्या इमारतीत जाऊ शकतात. बाकीच्यांना पिवळं, त्यांनी मैदान, मंडप आणि स्वयंपाकघर एवढ्यातच राहायचं. रंग कोणतेही घ्या, पण निवासाच्या दारावर बसणाऱ्या माणसाला ते माहीत हवेत आणि त्याने कुठल्याही साहेबांना अडवलं तर त्याच्या पाठीशी उभं राहायला कोणीतरी हवं. अध्यक्षांचा भाचा ओळखपत्राशिवाय आत गेला की त्या दिवसापुरती सगळी व्यवस्था मोडलेली असते.

रात्री साडेदहा

मैदानावर शंभर डोळे असतात. धोका असतो तो मैदानाबाहेर. बाहेरगावचे संघ बहुधा शाळेच्या वर्गांत किंवा मंगल कार्यालयात उतरतात. बाकं भिंतीला सरकवून, सतरंज्या अंथरून एका खोलीत बारा-पंधरा मुली. दार आतून लावायला कडी असते, पण ती कोयंड्यात नीट बसत नाही. मुलींचं स्वच्छतागृह इमारतीच्या मागे, मधे पन्नास पावलं अंधार, कारण तिथला बल्ब दिवाळीपासून गेलेला आहे. संघासोबत आलेले सर खालच्या मजल्यावर झोपलेत आणि बाई आलेल्याच नाहीत.

हे सगळं दोन-तीनशे रुपयांत आणि एका संध्याकाळच्या पाहणीत सुधारतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी अंधार पडल्यावर एका बाईंनी निवासापासून स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन यावं. दिवसा केलेल्या पाहणीचा इथे उपयोग नाही. बल्ब बदला, कडी दुरुस्त करा, फुटलेल्या काचेवर जाड पुठ्ठा लावा, दाराला बाहेरून कडी असेल तर ती काढून टाका. मुली रात्री जोडीने बाहेर पडतील हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

मुलींच्या संघासोबत स्त्री शिक्षिका किंवा स्त्री मार्गदर्शक हवीच. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघांना सांगितलं की महिला खेळाडू असलेल्या पथकाबरोबर, देशात असो की परदेशात, महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. वरच्या पातळीवर जे बंधनकारक ठरलं ते तेरा वर्षांच्या मुलींच्या तालुका स्पर्धेला नको, असं म्हणायला काहीच आधार नाही. प्रवेशिका घेतानाच सोबत येणाऱ्या बाईंचं नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. नाव नसेल तर प्रवेशिका अपूर्ण धरा. ‘बाईंना घरची अडचण होती’ हे कारण स्पर्धेच्या सकाळी ऐकण्यापेक्षा आठ दिवस आधी ऐकलेलं बरं.

मोठी माणसं किती असावीत? ब्रिटनमधली एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था ९ ते १२ वयाच्या आठ मुलांमागे एक आणि १३ ते १८ वयाच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस असावं असं सुचवते, आणि संघ कितीही लहान असला तरी किमान दोन. दोन कशासाठी? एका मुलाचा पाय मुरगळला आणि एकटे असलेले सर त्याला घेऊन दवाखान्यात गेले, तर मागे उरलेल्या अकरा जणांकडे कोण पाहणार?

एका खोलीत कोण कोण, हेही ठरवूनच ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. सहावीतला मुलगा आणि बारावीतला मुलगा एका खोलीत नको. मुलांना त्रास फक्त मोठ्यांकडून होतो असं नाही. रात्री उशिरा चालणारी ‘गंमत’ बऱ्याचदा वयाने मोठ्या खेळाडूंकडून होते आणि तिचे बळी मुलगेही असतात. वयचोरीकडे आपण फक्त खेळातली लबाडी म्हणून पाहतो. चौदाच्या गटात सतरा वर्षांचा मुलगा खोट्या जन्मदाखल्यावर घुसतो, तेव्हा तो रात्री लहानांच्याच खोलीत झोपतो, हेही लक्षात घ्या. जन्मदाखला आणि शाळेचं जनरल रजिस्टर ताडून पाहणं हे सुरक्षेचंच काम आहे.

वजनकाटा, मालिश, मोबाइल

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग अशा खेळांत वजन होतं. कबड्डीच्या किशोर गटातही होतं. ‘शंभर ग्रॅम जास्त आहे, कपडे काढ’ हे वाक्य मुलांच्या सवयीचं झालेलं आहे. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वजन कुस्तीच्या पोशाखातच होतं. आपल्याकडेही किमान कपडे कोणते हे आधी लिहून जाहीर करावं. मुलींचं वजन महिला पदाधिकाऱ्यांनी, बंद खोलीत, दोन बायका हजर असताना घ्यावं, आणि त्या खोलीत कोणाचाही मोबाइल चालू नसावा. मुलाचं वजन घेतानाही एकटा पुरुष आणि बंद दार हा प्रकार नको.

फिजिओ आणि मालिश हा दुसरा नाजूक भाग. उपचार मांडवाच्या कडेला, पडदा अर्धा उघडा ठेवून, संघातलं दुसरं कोणीतरी शेजारी उभं असताना व्हावा. मांडीच्या वरच्या भागाला हात लावायचा असेल तर आधी मुलाला सांगायचं, विचारायचं, आणि तो ‘नको’ म्हणाला तर थांबायचं. पदवी नसलेल्या मालिशवाल्याला मुलांच्या स्पर्धेत टेबल देऊ नये, मग तो कितीही ‘हाताला गुण असलेला’ असो.

संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पालक आणि किमान दोन शिक्षक हवेत. मार्गदर्शकाने मुलाशी किंवा मुलीशी खासगी चॅट करायचं नाही. काही सांगायचं असेल तर ग्रुपवर सांगावं, नाहीतर पालकांना फोन करावा. रात्री अकराला येणारं ‘झोपलीस का? उद्याची मॅच तुझीच’ हे वरवर साधं वाटतं, पण नको तिथे जाणारी वाट बहुतेक वेळा अशीच सुरू होते. पुन्हा पुन्हा मेसेज करून मुलाचा पिच्छा पुरवणं, त्यामागे लैंगिक हेतू असेल तर, पोक्सोच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे.

मूल गप्प का बसतं

निवड कोणाच्या हातात आहे हे मुलाला पक्कं माहीत असतं. राज्य पातळीवर खेळलं तर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. गावाकडच्या घरात या एका प्रमाणपत्राकडे अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं. ‘सरांचं नाव घेतलं तर टीममधून जाशील’ हे कोणी बोलून दाखवावं लागत नाही. कायद्यालाही हे कळतं: विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा पोक्सोत जास्त गंभीर धरला जातो आणि शिक्षाही वाढते.

म्हणून तक्रार ऐकणारी व्यक्ती निवड समितीतली नसावी. स्पर्धेपुरत्या दोन व्यक्ती नेमा, त्यांतली एक बाई. दोघांचे फोटो, नावं आणि नंबर नोंदणीच्या टेबलावर, मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने आणि निवासाच्या दारावर लावा. खाली १०९८ (बालकांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस व आपत्कालीन मदत) मोठ्या अक्षरांत. स्वच्छतागृहातला कागद सर्वांत महत्त्वाचा, कारण तो वाचताना मुलीकडे कोणी पाहत नसतं.

मूल काही बोललं तर

ऐकून घ्या. ‘नक्की का?’, ‘तू तिथे कशाला गेली होतीस?’ असले प्रश्न नकोत. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. मूल जे शब्द वापरेल तेच शब्द, आपली भाषा न घालता, तारीख-वेळेसह लिहा आणि सही करा. तेच पुन्हा दुसऱ्या पदाधिकाऱ्यासमोर, मग अध्यक्षांसमोर सांगायला लावू नका. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलावून समोरासमोर ‘खुलासा’ तर कधीच करू नका. शारीरिक अत्याचार झालेला असेल तर मुलाचे कपडे धुऊ देऊ नका, शक्यतो आंघोळही थांबवा आणि तातडीने सरकारी रुग्णालयात न्या.

त्यानंतर पोलीस. मंडळाची बैठक, अंतर्गत चौकशी, पालकांची ‘समजूत’ या मधल्या पायऱ्या कायद्यात नाहीत. १९व्या कलमानुसार गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बदलापुरात शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे; पुढे आरोप सिद्ध झाला नाही म्हणून त्याच्यावर खटला होत नाही.

स्पर्धेत एक नेहमीची अडचण येते. मुलगी साताऱ्याची, स्पर्धा लातूरला, आणि प्रकार वाटेत गाडीत घडलेला. मग ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मिळू शकतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हीच ‘झिरो एफआयआर’. कलमाचा क्रमांक लिहून खिशात ठेवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता, आईवडील किंवा विश्वासातली व्यक्ती जवळ असताना घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुलाचं नाव, शाळा, फोटो कुठेही जाऊ द्यायचं नाही. ‘अमुक शाळेच्या अमुक गटातली डावी चढाईपटू’ एवढं म्हटलं तरी तालुक्यात सगळ्यांना कळतं, त्यामुळे स्पर्धेच्या ग्रुपवर चर्चा तिथल्या तिथे थांबवा.

राहता राहिली शेवटची संध्याकाळ, जिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. बक्षीस समारंभ लांबतो, पाहुण्यांची भाषणं होतात, मंडप उतरवायला सुरुवात होते आणि मुलं आवारभर विखुरतात. पालक थेट मैदानावरून मुलाला घेऊन जातात आणि गाडीत बसल्यावर सरांच्या लक्षात येतं की एक कमी आहे. यासाठी एक साधी वही पुरते. मुलाचं नाव, नेणाऱ्याचं नाव, नातं, फोन, वेळ, सही. प्रवेशिकेवर आईवडिलांनी ज्यांची नावं दिली आहेत त्यांच्याच ताब्यात मूल द्या. ‘मी त्याचा मामा’ म्हणणाऱ्याला थांबवून आईला फोन लावा, मामा खरा असेल तर त्याला राग येणार नाही. आणि संयोजकांपैकी निदान एका बाईंनी आणि एका सरांनी शेवटची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तिथून हलायचं नाही, मग आभारप्रदर्शनाचं जेवण थंड झालं तरी चालेल.